व्यासपीठावरची उसनी वाक्ये

गोव्याच्या सार्वजनिक दिनदर्शिकेत पूर्वसुरींची वाक्ये उच्चारण्याचे दिवस ठरलेले आहेत. १६ जानेवारीला जनमत कौलाचा (गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, यावरच्या १९६७ च्या मतदानाचा) अस्मिताय दिवस, ३० मेला घटक राज्य दिन, १८ जूनला क्रांतिदिन, १२ ऑगस्टला पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची पुण्यतिथी आणि १९ डिसेंबरला मुक्तिदिन. पुष्पचक्र वाहून झाले की कोणीतरी ध्वनिक्षेपकासमोर उभे राहते आणि ज्यांच्या पुतळ्याला नुकताच हार घातला त्यांचे एखादे वाक्य, किंवा त्यांच्या नावावर चालणारे एखादे वाक्य, आजच्या धोरणाच्या समर्थनार्थ पुढे करते. मडगावच्या मैदानावर लोहिया बोलतात, मिरामारच्या समाधीपाशी भाऊसाहेब बोलतात, आणि गांधी, नेहरू, पटेल व आंबेडकर यांना तर वर्षभर उसंत नसते. वक्ता सरकार पक्षाचा असो की विरोधी पक्षाचा, हे सारे थोर पुरुष नेमके त्याच्याच मताचे निघतात.

पूर्वसुरींचे शब्द उद्धृत करण्यात मुळात वावगे काही नाही. भाषण म्हणजे प्रबंध नव्हे. दहा मिनिटे बोलणाऱ्याला निवड करावीच लागते, आणि जुन्या माणसांचे शब्द नव्या पिढीच्या कानांवर पडतात ते बहुधा अशाच निमित्ताने. गाळलेला भाग केवळ जास्तीचा असेल तर तक्रार कोणी करू नये. पण गाळलेले पुढचे वाक्य मोठ्याने वाचले असता वक्त्याचीच पंचाईत होणार असेल, तर तेथे निवड संपते आणि फसवणूक सुरू होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, आपल्याकडे अशी वाक्ये युक्तिवादाच्या जागी जामीन म्हणून उभी केली जातात: अमुक थोर पुरुष असे म्हणून गेले, आता तुम्ही कोण विचारणारे? गोव्यात हे विशेष विपरीत वाटते, कारण ज्यांनी या राज्याला आजचा आकार दिला त्यांच्यात टोकाचे मतभेद होते, आणि आपला सर्वांत मोठा वाद त्यांनी कोणाच्या थोरवीची साक्ष काढून मिटवला नाही. तो त्यांनी मतदारांपुढे नेला आणि निकाल मान्य केला. अशा माणसांचे शब्द लोकांची तोंडे बंद करण्यासाठी वापरले जावेत, याला माझा आक्षेप आहे.

एकाच भाषणाचे किती तुकडे होऊ शकतात याचा नमुना पाहायचा असेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेले भाषण घ्यावे. सत्ताधारी वक्त्याला त्यातला ‘अराजकाचे व्याकरण’ हा शब्दप्रयोग आवडतो. सविनय कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह या मार्गांना आता रजा द्यावी, असे आंबेडकर त्या दिवशी खरोखरच म्हणाले होते, आणि प्रकल्पाविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या गावकऱ्यांना सुनावण्यासाठी यासारखे दुसरे हत्यार नाही. विरोधी वक्त्याला त्याच भाषणातला दुसरा भाग सोयीचा असतो: राजकारणातली भक्ती ही अधःपाताची आणि अखेर हुकूमशाहीची वाट आहे, हा इशारा. तो इशारा ऐकवणाऱ्याच्या स्वतःच्या पक्षात एकाच घराण्याची किंवा एकाच नेत्याची आरती चालू असते, ही गोष्ट अलाहिदा. तिसरा भाग मात्र दोघांच्याही तोंडी क्वचितच येतो. २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतीने भरलेल्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता असेल पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमताच राहील, आणि ही विसंगती लवकरात लवकर दूर केली नाही तर विषमतेची झळ सोसणारे लोक या सभेने कष्टाने उभारलेली राजकीय लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील, असे आंबेडकरांनी तेथे बजावले होते. म्हणजे जो माणूस लोकांना सत्याग्रह थांबवायला सांगत होता, तोच माणूस सत्याग्रहाची कारणे नाहीशी करण्याची जबाबदारी राज्यकर्त्यांवर टाकत होता. त्यातली लोकांना सांगितलेली गोष्ट तेवढी उचलायची आणि राज्यकर्त्यांना सांगितलेली सोडून द्यायची, हा प्रकार अनवधानाने होत नसावा.

शिवाय सत्याग्रहाविषयीच्या त्या विधानाला आंबेडकरांनी एक अट जोडली होती, आणि गोव्याच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. घटनात्मक मार्ग जेव्हा उपलब्धच नव्हते तेव्हा घटनाबाह्य मार्गांना पुष्कळसे समर्थन होते, असे ते म्हणाले. हे भाषण झाले त्या दिवशी गोवा अद्याप पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि येथे असे मार्ग खरोखरच उपलब्ध नव्हते. १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने गोमंतकीयांना दुय्यम ठरवले होते, वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण होते, आणि लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सरकारी नजरेखालून जावी लागे. १९४६ च्या जूनमध्ये डॉ. राममनोहर लोहिया तुरुंगातून सुटल्यावर विश्रांतीसाठी आसोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी आले, ते अशा मुलखात. १८ जूनला मडगावात ते बोलायला उभे राहिले तेव्हा कॅप्टन मिरांडा पिस्तूल घेऊन पुढे आला, लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला, आणि त्यांना अटक झाली. हा प्रसंग गोव्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. मात्र त्या दिवसाची मागणी काय होती, हे भाषणांतून हळूहळू विरून गेले आहे. ती मागणी नागरी स्वातंत्र्याची होती: परवानगीवाचून सभा घेण्याचा, बोलण्याचा आणि छापण्याचा हक्क. महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून लोहियांना पाठिंबा दिला तोही याच मुद्द्यावर आणि स्वतंत्र भारतात गोवा वेगळा राहू शकणार नाही या भूमिकेतून. आता एखाद्या सरकारने जूनमध्ये लोहियांच्या कायदेभंगाचा गौरव करावा आणि पुढे कधीतरी आंदोलकांना आंबेडकरांचे ‘अराजकाचे व्याकरण’ ऐकवावे, तर त्याला दोन महापुरुष एकमेकांविरुद्ध उभे करावे लागतात. दोघांचे म्हणणे पुरते वाचले तर त्यांच्यात भांडण उरत नाही. उरतो तो प्रश्न वेगळाच आहे आणि तो सरकारला गैरसोयीचा आहे: ज्या गावकऱ्यांना आपण अराजक म्हणतो त्यांच्यासाठी घटनात्मक मार्ग, म्हणजे ग्रामसभेचा ठराव, जनसुनावणी, हरकतींची मुदत, हे सारे खरोखर खुले होते काय, आणि खुले असल्यास त्यांचे म्हणणे कोणी ऐकले काय?

लोहियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते. मागासवर्गीयांना, आणि त्यांत स्त्रियांनाही धरून, साठ टक्के जागा द्याव्यात आणि सार्वजनिक व्यवहारातून इंग्रजी हटवावी, अशी मागणी करणारे लोहियाही तेच होते. ते मात्र मडगावच्या मैदानाच्या फाटकाबाहेरच थांबतात. त्यांची ही मते आपल्याला पटलीच पाहिजेत असे नाही. मलाही त्यांतली काही पटत नाहीत. पण ज्याच्या चरित्रातला एकच दिवस आपल्याला हवा आहे त्याला आपला मार्गदर्शक म्हणवण्यात थोडा संकोच वाटायला हवा.

नेहरूंच्या वाट्याला दोन्ही बाजूंची कात्री आली आहे. ८ फेब्रुवारी २०२२ रोजी, गोव्यातील मतदान सहा दिवसांवर आले असताना, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राज्यसभेत नेहरूंच्या १५ ऑगस्ट १९५५ च्या लाल किल्ल्यावरील भाषणाचा दाखला दिला. गोव्यात आपण फौजी कारवाई करू अशा भ्रमात कोणी राहू नये, असा त्या उताऱ्याचा मथितार्थ होता, आणि आंतरराष्ट्रीय प्रतिमेच्या काळजीपोटी नेहरूंनी गोव्याला पंधरा वर्षे ताटकळत ठेवले, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला. उतारा खोटा नव्हता. त्याच दिवशी गोव्याच्या हद्दीत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यानंतर दिल्लीने सामूहिक सत्याग्रहालाही पायबंद घातला. ज्यांनी पत्रादेवीच्या सीमेवर माणसे पडताना पाहिली त्यांच्या मनात ही सल राहिली, आणि काँग्रेसचे वक्ते मुक्तिदिनी नेहरूंचे गुणगान करताना ती सल ओलांडून थेट १९६१ वर उडी मारतात. तिकडे विरोधक १९५५ वर थांबतात. १७ डिसेंबर १९६१ च्या रात्री सैन्य ज्या सरकारच्या आदेशाने गोव्यात शिरले त्याचे पंतप्रधान नेहरूच होते. मधल्या काळात आर्थिक नाकेबंदी झाली होती, डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतवादाच्या समाप्तीचा जाहीरनामा संमत केला होता, आणि प्रत्यक्ष कारवाईच्या वेळी भारताविरुद्धचा ठराव सुरक्षा परिषदेत पडला तो सोव्हिएत नकाराधिकारामुळे. १९५५ साली हा नकाराधिकार गृहीत धरता आला असता काय, आणि सहा वर्षांचा विलंब मुत्सद्देगिरीचा होता की अनिश्चयाचा, हा खरा अभ्यासाचा आणि वादाचा विषय आहे. दोन्ही बाजूंच्या भाषणांत नेमका तोच येत नाही, कारण त्याला तारखा लागतात आणि तारखांवर टाळ्या पडत नाहीत.

‘अजीब हैं गोवा के लोग’ हे नेहरूंच्या नावावर सांगितले जाणारे वाक्य तर आता सर्वपक्षीय झाले आहे. सामान्यतः ते १९६३ च्या पहिल्या निवडणुकीशी जोडले जाते, ज्यात गोव्याच्या भूमीवर काँग्रेसला एकही जागा मिळाली नव्हती. पण आज ते कधी गोमंतकीयांच्या स्वाभिमानाचे प्रशस्तिपत्र म्हणून, कधी नेहरूंच्या तुच्छतेचा पुरावा म्हणून, तर कधी निव्वळ हशा पिकवण्यासाठी येते, आणि कोठे, कोणापाशी, कोणत्या संदर्भात ते उच्चारले गेले, हे कोणीही सांगत नाही.

तरीही नेहरू, लोहिया आणि आंबेडकर हे साऱ्या देशाचे आहेत. त्यांची मोडतोड इतरत्रही होते. गोव्याचा स्वतःचा म्हणावा असा मामला भाऊसाहेब बांदोडकर आणि विलीनीकरणाच्या विरोधातले नेते डॉ. जॅक सिक्वेरा यांचा आहे, आणि तेथे आपण काय करून ठेवले आहे ते जरा जवळून पाहिले पाहिजे.

दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर २० डिसेंबर १९६३ रोजी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी, त्याच पदावर असताना, निवर्तले. खेड्यापाड्यांतून निघालेल्या मराठी शाळा, जमीन कसणाऱ्या कुळांना संरक्षण देणारा १९६४ चा कूळ कायदा, आणि पिढ्यान्‌पिढ्या भाटकारासमोर, म्हणजे जमीनमालकासमोर, मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या माणसाला आलेली ताठ मान, हे त्यांचे देणे निर्विवाद आहे. त्यांच्याविषयीची कृतज्ञता ही बनावट नाही. जुन्या घरांतून देवघराशेजारी त्यांची तसबीर लावलेली मी पाहिली आहे. पण ज्या पक्षाची त्यांनी धुरा वाहिली त्याचे नाव महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष होते, आणि गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे ही त्या पक्षाची मध्यवर्ती मागणी होती. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात विलीनीकरणाच्या बाजूने, म्हणजे फुलाला, १,३८,१७० मते पडली आणि विरोधात, म्हणजे दोन पानांना, १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. कौलापूर्वी त्यांच्या सरकारने राजीनामा दिला होता. कौल विरुद्ध गेला, आणि त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, मार्चमध्ये, त्याच मतदारांनी त्यांच्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. जगाच्या राजकारणात असे सहसा घडत नाही. लोकांनी त्यांची मुख्य मागणी नाकारली आणि माणूस मात्र ठेवून घेतला, आणि त्या माणसानेही लोकांच्या नकारावर रुसून न बसता राज्य चालवले.

आता भाषणांतले भाऊसाहेब पाहा. गोव्याच्या अस्मितेचे गोडवे गाणारा पुढारी भाऊसाहेबांना त्या अस्मितेचे शिल्पकार म्हणतो आणि विलीनीकरणाचा उल्लेखही करत नाही. आपल्या मराठीप्रेमी व्यासपीठांवर, जेथे मीही अधूनमधून हजेरी लावतो, भाऊसाहेबांचा मराठीविषयीचा आग्रह उच्चरवाने सांगितला जातो, पण त्यांना डोक्यावर घेणाऱ्या बहुजन समाजातल्याही कित्येक मतदारांनी १९६७ साली दोन पानांवर शिक्का मारल्यावाचून तो निकाल लागणे शक्य नव्हते, ही गोष्ट तेथे काढली की सभेत चुळबुळ सुरू होते. सरकारात बसलेला वक्ता भाऊसाहेबांना विकासपुरुष ठरवतो, पण कूळ कायद्याविषयी तोंड उघडत नाही. २०१४ साली कूळ आणि मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे) यांची प्रकरणे मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयांकडे वळवणारी दुरुस्ती झाली तेव्हा कुळांमध्ये असंतोष उसळला आणि पुढे तो निर्णय फिरवावा लागला. त्या काळातही १२ ऑगस्ट नेहमीप्रमाणे साजरा होतच होता. आणि भाऊसाहेब स्वतः खाण मालक होते, ही बाब तर खाणींचे समर्थकही सांगत नाहीत आणि विरोधकही नाहीत, कारण एकाला ती पुरेशी सोज्ज्वळ वाटत नाही आणि दुसऱ्याला ती आपल्या चित्रात बसवता येत नाही.

‘भाऊसाहेब आज असते तर…’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्याचा येथे वेगळा उल्लेख करावा लागेल. त्याला पुरावा लागत नाही, तारीख लागत नाही, आणि खोडून काढायला भाऊसाहेब हयात नाहीत. मांडवीच्या पुलापासून पक्षांतरापर्यंत कोणत्याही विषयावर ते चालते. गोव्यात पक्षांतर करून सत्तेत गेलेल्या पुढाऱ्यालाही मतदारसंघात परतल्यावर भाऊसाहेबांच्या स्वप्नातला गोवा आठवतो, याचे नवल वाटणेही आता बंद झाले आहे.

डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या वाट्याला आलेली उपेक्षा वेगळ्या तऱ्हेची होती आणि आता त्यांचा होणारा गौरवही अर्धवटच आहे. विधानसभेत विलीनीकरणवाद्यांचे बहुमत असताना, हा निर्णय आमदारांनी न करता थेट लोकांनी करावा, हा आग्रह त्यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने लावून धरला, आणि त्यामुळे त्यांना जनमत कौलाचे जनक म्हणणे रास्तच आहे. पण १६ जानेवारीच्या भाषणांत ते एकटेच गोवा वाचवणारे ठरतात. पुरुषोत्तम काकोडकरांनी काँग्रेसमध्ये राहून दिल्लीत केलेली खटपट, ‘राष्ट्रमत’ या दैनिकातून चंद्रकांत केणी आणि उदय भेंब्रे यांनी लावून धरलेली बाजू, आणि मराठीतला एवढा मोठा कवी असूनही विलीनीकरणाच्या विरोधात उभे राहिलेले बा. भ. बोरकर, हे सारे त्या एका नावामागे झाकले जातात. का झाकले जातात, हे उघड आहे. कौल हा केवळ एका समाजाचा विजय म्हणून सांगणे कोणाला मते मिळवण्यासाठी सोयीचे असते, तर कोणाला दुसऱ्यांच्या मनात संशय पेरण्यासाठी. सिक्वेरांच्या पक्षामागे भाटकार वर्गाचे पाठबळ आहे अशी त्या काळी व्यापक समजूत होती, आणि कूळ कायद्याच्या पार्श्वभूमीवर बहुजन समाजाला विलीनीकरण म्हणजे भाटकारशाहीपासून सुटका वाटत होती, हेही अस्मितेच्या भाषणांत येत नाही. ते आले तर १,३८,१७० माणसांनी फुलाला मत का दिले, हे समजून घ्यावे लागेल, आणि त्यांना गोव्याचे शत्रू ठरवता येणार नाही. त्यांतली अनेक कुटुंबे आज अभिमानाने अस्मिताय दिवस पाळतात.

बोरकरांचे तर दोन्हीकडून हाल. मराठीच्या मंचावर त्यांच्या मराठी कवितांचे गायन होते आणि त्यांची कोंकणीविषयीची भूमिका मौनात जाते. कोंकणीच्या मंचावर बाकीबाब, म्हणजे हेच बोरकर, कोंकणीचे असतात आणि मराठीतले त्यांचे आयुष्यभराचे काम तळटीपेत जाते. कोंकणीला राजभाषा ठरवणाऱ्या १९८७ च्या कायद्यावर बोलताना दोन्ही पक्ष त्यांना साक्षीदार म्हणून बोलावतात, आणि प्रत्येक पक्ष त्यांना अर्धीच साक्ष देऊ देतो.

त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्याबाबतीत जे होते ते मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. गोमंतकीयांचे अराष्ट्रीयीकरण कसे झाले हे सांगणारी त्यांची १९४४ ची पुस्तिका आता एका विशिष्ट हेतूने उद्धृत होते: ख्रिस्ती गोमंतकीयांच्या देशनिष्ठेवर बोट ठेवण्यासाठी. कुन्हा स्वतः चांदरच्या ख्रिस्ती घराण्यातले होते, १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन करणारे तेच होते, आणि १९४६ नंतर पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात शिक्षा भोगणारेही तेच. त्यांचा रोख होता तो परक्या राजवटीने माणसाच्या मनावर केलेल्या गुलामगिरीवर, आणि त्या राजवटीशी जुळवून घेऊन मोठ्या झालेल्या वरच्या वर्गावर. आसामच्या चहामळ्यांत नेलेल्या गोमंतकीय मजुरांच्या हालांविषयी आवाज उठवणारा हा माणूस शेजाऱ्याच्या धर्माकडे बोट दाखवण्यासाठी वापरला जावा, यात त्याचे अर्धे वाक्यही शिल्लक राहत नाही.

समान नागरी कायद्याच्या चर्चेत संविधानकर्ते आणि गोवा हे दोघेही एकत्र कापले जातात, म्हणून तेही थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निकालात संविधानकर्त्यांनी अनुच्छेद ४४ मधून व्यक्त केलेल्या अपेक्षेची आठवण करून दिली आणि गोव्याचा उल्लेख आदर्श उदाहरण म्हणून केला. तेव्हापासून हा दाखला देशभर फिरतो. त्यात आंबेडकरांनी २३ नोव्हेंबर १९४८ रोजी या तरतुदीचे समर्थन केले एवढेच येते. भावी संसद सुरुवातीला हा कायदा केवळ स्वेच्छेने तो स्वीकारणाऱ्यांनाच लागू करू शकेल, असेही ते त्याच भाषणात म्हणाले होते, हे समर्थक सांगत नाहीत. आणि या विषयात राज्याला हातच घालता येऊ नये ही सूचना त्यांनी नाकारली होती, हे विरोधक सांगत नाहीत. गोव्याचेही तसेच. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने पत्नीला वैवाहिक संपत्तीत निम्मा वाटा दिला आणि मुलामुलींचा वारसाहक्क राखला, ही तिची खरी जमेची बाजू आहे. पण त्याच चौकटीत चर्चमध्ये लागणाऱ्या विवाहांसाठी वेगळी तरतूद आहे, आणि १८८० च्या हुकूमनाम्यात पत्नीला ठरावीक वयापर्यंत अपत्य किंवा मुलगा न झाल्यास हिंदू पतीला दुसऱ्या विवाहाची मुभा होती. आज ती व्यवहारात मृतवत असली तरी कागदावर होती, आणि पोर्तुगिजांनी येथील हिंदूंच्याच रूढींचा आदर म्हणून ती ठेवली होती. गोव्याचा आदर्श सांगणाऱ्या एखाद्या वक्त्याने हा हुकूमनामा वाचून दाखवल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

हे सारे केवळ पुढाऱ्यांच्या लबाडीने होते असे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. भाषण लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यापाशी गेल्या वर्षीची फाइल असते. तीत आधीच गाळून घेतलेले उतारे असतात, आणि कार्यक्रम उद्या असतो. वृत्तपत्राच्या कचेरीत प्रसिद्धिपत्रक संध्याकाळी येते आणि अवतरणचिन्हांतला मजकूर जसाच्या तसा छापला जातो. शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांत परीक्षक म्हणून बसले की एकामागून एक मुले तीच दोन-तीन वाक्ये तशाच चढत्या सुरात म्हणताना दिसतात, आणि ‘हे त्यांनी कधी म्हटले?’ असे विचारले तर मूल गोंधळून शिक्षकांकडे पाहते. आपण वाचक आणि श्रोतेही सणासुदीला व्हॉट्सअ‍ॅपवर तसबिरीखाली छापलेला सुविचार पुढे पाठवतोच. मागणी आहे म्हणून पुरवठा आहे.

यावर कोणी म्हणेल की, लोकांना स्फूर्ती हवी असते, तळटीपा नकोत. मला हे पटत नाही. १९६७ च्या कौलाआधी या छोट्या प्रदेशातल्या वाड्यावाड्यांवर जमीन, भाषा, नोकऱ्या आणि ओळख या मुद्द्यांवर दोन्ही बाजूंनी महिनोन्‌महिने सभा झाल्या, आणि ज्यांतल्या पुष्कळांना अक्षरओळख नव्हती अशा श्रोत्यांनी त्या ऐकून आपला निर्णय केला. ज्या मतदारांवर बांदोडकर आणि सिक्वेरा या दोघांनीही विश्वास टाकला, त्यांच्या नातवंडांना पुरते वाक्य झेपणार नाही, असे मानण्याचे कारण दिसत नाही.

काही गोष्टी लगेच करता येण्याजोग्या आहेत. मंत्र्याने सभागृहात शासकीय कागदातून उतारा वाचला, तर तो कागद पटलावर ठेवण्याची मागणी सदस्यांना करता येते, ही संसदीय प्रथा आहे. हीच शिस्त गोवा विधानसभेने पूर्वसुरींच्या उताऱ्यांनाही लावावी: जो सदस्य उद्धृत करील त्याने तारीख, प्रसंग आणि पूर्ण परिच्छेद सचिवालयाला द्यावा, आणि तो कामकाजाच्या वृत्तांतात जोडला जावा. ९ जानेवारी १९६४ रोजी या विधानसभेची पहिली बैठक झाली. त्या दिवसापासून १९६७ पर्यंतची विलीनीकरणावरची भाषणे, दोन्ही बाजूंची, शाळेतल्या मुलालाही शोधता येतील अशा रीतीने खुली करावीत. अस्मिताय दिवसाच्या शासकीय कार्यक्रमात भाषणांपूर्वी त्यांतला एक उतारा विलीनीकरणाच्या बाजूचा आणि एक विरोधातला, असे दोन्ही वाचले जावेत, म्हणजे मुख्य पाहुण्याला निदान त्यांच्यासमोर बोलावे लागेल. वक्तृत्व स्पर्धेच्या गुणपत्रिकेत उताऱ्याचा संदर्भ सांगण्याला दोन गुण ठेवले तरी पुष्कळ फरक पडेल. वृत्तपत्रांचे काम तर याहून सोपे आहे. प्रसिद्धिपत्रकातल्या अवतरणापुढे तारीख नसेल तर उपसंपादकाने फोन करून ती विचारावी, न मिळाल्यास अवतरणचिन्हे काढून ते वाक्य वक्त्याच्याच नावावर छापावे, आणि ‘भाऊसाहेब आज असते तर’ हे शब्द किमान मथळ्यात तरी घेऊ नयेत.